बोलक्या पुस्तकाचे रूप बदलताना

आपल्या समाजाला पुस्तक ऐकण्याची सवय नवी नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालते, तेव्हा एकजण वाचतो आणि बाकी सारे ऐकतात. त्यातल्या कित्येक म्हाताऱ्या आयांना अक्षरओळख नसते, तरी मागच्या आठवड्यात कोणत्या प्रकरणात काय आले हे त्या बिनचूक सांगतात. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांनी कानांनीच शिक्षण घेतले.

आता ही सोय विहारापुरती राहिलेली नाही. खिशातल्या मोबाईलमध्ये अख्खे पुस्तक मावते. भाकऱ्या थापताना, लोकलच्या गर्दीत दांडीला धरून उभे असताना, रात्रपाळीच्या खुर्चीत बसून पुस्तक ऐकता येते. मधुमेहाने नजर गेलेल्या वडिलांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या आजीला, दिवसा काम करून रात्री परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला हे बोलके पुस्तक, म्हणजे ऑडिओबुक, मोठा आधार ठरते.

परंतु घरोघरी एक अडचण हमखास येते. मुलाने लॅपटॉपवर उतरवलेले पुस्तक आजीच्या लहान स्पीकरवर वाजत नाही. भावाच्या मोबाईलवर चालणारी फाईल बहिणीच्या बटणांच्या फोनमध्ये उघडत नाही. मग "कन्व्हर्ट करून आण" म्हणून कार्ड दुकानात जाते आणि परत येते तेव्हा पुस्तक वाजते खरे, पण प्रकरणांचा क्रम उलटापालटा झालेला असतो किंवा वाचणाऱ्याचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत ही कार्डे आमच्याकडे नेहमी येतात. म्हणून वाचक बंधू-भगिनींसाठी हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत. यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुस्तकाचे रूप कितीही वेळा बदला, पण मूळ प्रत हातची जाऊ देऊ नका. बाकी सर्व सूचना या एका सूचनेच्या पोटात येतात.

बोलक्या पुस्तकाचा प्रवास

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी या यंत्राचे उपयोग सांगताना त्याने अंधांसाठी बोलकी पुस्तके हा उपयोग नोंदवला होता. प्रत्यक्षात ते यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांचा प्रश्न समोर होता. त्यांपैकी अनेकांना त्या वयात ब्रेल शिकणे जड जात होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तबकड्यांवर पुस्तके वाचून अंधांना पाठवण्यास सुरुवात झाली. तबकडीच्या एका बाजूवर थोडाच मजकूर मावत असे, त्यामुळे एका कादंबरीला तबकड्यांची चळत लागत असे.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि पुस्तक हातात मावू लागले. त्यानंतर सीडी आली. त्यावर साध्या पद्धतीने ७४ ते ८० मिनिटांचा आवाज बसतो. त्यापुढे संगणकाची फाईल आली आणि वस्तू म्हणून पुस्तक उरलेच नाही, उरला तो फक्त साठवलेला आवाज.

या प्रवासात दर वेळी एकच गोष्ट घडली. तबकडी वाजवणारे यंत्र अडगळीत गेले की तबकडीवरचे पुस्तक मुके झाले. कॅसेटचा टेप बंद पडला की कॅसेटमधले पुस्तक मुके झाले. ज्यांनी वेळेवर एका रूपातून दुसऱ्या रूपात उतरवून घेतले त्यांचीच पुस्तके टिकली. आपल्या पेटीत पडलेल्या कॅसेटींचीही आज हीच अवस्था आहे. त्यांच्याकडे आपण पुढे येऊच.

डबा वेगळा, माल वेगळा

फाईलच्या नावाला शेवटी एक शेपूट असते. एमपीथ्री, एमफोरबी, वेव्ह, फ्लॅक, ओपस अशी ती नावे ऐकून माणूस गोंधळतो. रेशनच्या दुकानाचे उदाहरण घ्या. डबा वेगळा आणि डब्यातला माल वेगळा. शेपटावरून बहुतेक वेळा डबा कळतो, पण आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरला आहे ती माहिती आत असते.

सर्वांत मोठा, न दाबलेला माल म्हणजे वेव्ह. त्यात आवाज जसाच्या तसा असतो, पण जागा फार लागते. २००१ साली आलेले फ्लॅक हे हुशारीने घडी घातलेल्या कपड्यासारखे आहे. जागा साधारण निम्मी लागते आणि घडी उलगडली की कापड पूर्वीइतकेच भरते, त्यातला एक धागाही गेलेला नसतो.

एमपीथ्रीची गोष्ट निराळी आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाही, या अनुभवावर ती उभी आहे. कानाला न जाणवणारा भाग ती काढून टाकते आणि उरलेला ठेवते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा या कामात मोठा वाटा होता. १९९५ साली त्यांनी एमपीथ्री हे शेपूट ठरवले. पेटंटची मुदत संपत आल्याने २०१७ साली त्यावरील परवान्याची पद्धतही बंद झाली. आज स्वस्तातला स्वस्त स्पीकर असो की जुना बटणांचा फोन, एमपीथ्री वाजत नाही असे यंत्र विरळाच.

एएसी ही १९९७ सालची पुढची पद्धत. तेवढ्याच जागेत ती जरा चांगला आवाज देते. एमफोरए आणि एमफोरबी या डब्यांत बहुधा हाच माल असतो. शेवटचा 'बी' हा 'बुक'चा आहे. या डब्यात प्रकरणांच्या खुणा ठेवता येतात, आणि हे रूप ओळखणारे यंत्र आपण कुठे थांबलो होतो तेही लक्षात ठेवते. ओपस ही २०१२ सालची पद्धत बोललेल्या आवाजासाठी फार काटकसरी आहे. व्हॉट्सॲपवर आपण बोलून पाठवलेला संदेश याच पद्धतीने जातो. मात्र साधे स्पीकर ओपस वाजवतीलच असे नाही. डब्ल्यूएमए हे मायक्रोसॉफ्टचे जुने रूप, जुन्या संगणकांवरच्या फायलींत ते अजून सापडते.

येथे एक समज दूर केला पाहिजे. काही मुले फाईलच्या नावाचे शेपूट पुसून दुसरे लिहितात आणि रूपांतर झाले असे समजतात. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. डब्ल्यूएमएचे नाव पुसून एमपीथ्री लिहिले तरी आत डब्ल्यूएमएच राहते. एमफोरबीला एमफोरए असे नाव दिले तर ते चालून जाते, कारण ते दोन्ही डबे मुळात एकच आहेत.

हिशेब मांडून पाहू

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. फाईल किती मोठी होणार हे सेकंदाला किती किलोबिट खर्च करायचे यावर ठरते. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा सेकंदाला ६४ किलोबिट म्हणजे ८ किलोबाइट. तासाचे सेकंद ३,६००. गुणाकार केला की २८,८०० किलोबाइट, म्हणजे तासाला सुमारे २९ एमबी होतात.

आता दहा तासांचे एक पुस्तक धरा. ते ६४ किलोबिटांत २८८ एमबी होईल, ३२ किलोबिटांत १४४ एमबी आणि १२८ किलोबिटांत ५७६ एमबी. तेच पुस्तक सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये दोन वाहिन्यांसह ठेवले तर तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, म्हणजे दहा तासांना सहा जीबीच्या वर जागा जाईल. शिवाय अनेक लहान कार्डांवर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही, ती अडचण वेगळी.

यात बचतीची एक युक्ती आहे. गाण्याला डावा-उजवा असे दोन वाहिन्यांचे आवाज लागतात, त्याला स्टिरिओ म्हणतात. पुस्तक वाचणारा एकटाच असतो. त्याला एक वाहिनी, म्हणजे मोनो, पुरते. मोनोमध्ये ६४ किलोबिट दिले तर एका वाहिनीच्या वाट्याला जेवढे येते, तेवढेच स्टिरिओच्या १२८ किलोबिटांत येते. म्हणजे जागा निम्मी आणि दर्जा तोच. या हिशेबाने आठ जीबीच्या कार्डावर दहा तासांची पंचवीसेक पुस्तके आरामात बसतात. ज्या कुटुंबात महिन्याचा रिचार्जही विचार करून मारावा लागतो, तेथे ही बचत लहान नाही.

तथापि बचतीलाही मर्यादा हवी. स्पष्ट वाचनासाठी मोनोमध्ये ६४ किलोबिट हा आमचा नेम आहे. जागेची फारच ओढ असेल तर ४८ पर्यंत उतरावे. एमपीथ्रीमध्ये ३२ च्या खाली गेले की काय होते, ते पुढच्या प्रसंगावरून कळेल.

झेरॉक्सची झेरॉक्स

आमच्या भागात दृष्टी नसलेली एक मुलगी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होती. इतिहासाचे एक पुस्तक तिला ऐकण्याच्या रूपात कुठेच मिळाले नाही. अभ्यासिकेतल्या चार मुलांनी प्रकरणे वाटून घेतली आणि रात्री दहानंतर, रस्त्यावरचा गलका शांत झाल्यावर, मोबाईलवर वाचून ठेवली. अकरा प्रकरणे झाली. तिच्याकडे लहान प्लेअर होता, त्यात ही फाईल चालेना. एका मुलाने मोबाईलमधले सर्व एका दुकानात देऊन रूपांतर करून आणले. दुकानदाराने जागा वाचावी म्हणून आवाज अगदी तळाच्या दर्जाला नेऊन ठेवला, आणि मोबाईल भरला आहे असे पाहून त्यातल्या मूळ फायली पुसूनही टाकल्या.

तीन दिवसांनी ती मुलगी अभ्यासिकेत आली. तिने विचारले, "दादा, हे साल अठराशे आठ आहे की अठराशे साठ?"

आम्ही ऐकून पाहिले. खरोखरच कळत नव्हते. याचे कारण साधे आहे. 'स' आणि 'श' यांचा सीत्कार फार वरच्या पट्टीत असतो, चार हजार कंपनांच्याही वर. दर्जा अगदी खाली आणला की ही वरची पट्टी सर्वांत आधी कापली जाते. मग 'साठ' मधला 'स' नाहीसा होतो आणि 'आठ' उरतो. गोष्टीच्या पुस्तकात माणूस संदर्भाने भागवून नेतो. इतिहासाच्या पेपरात असे भागत नाही. ज्याला पान उघडून खात्री करता येत नाही, त्याच्यासाठी ऐकू आलेले अक्षर हेच छापील अक्षर असते.

मूळ फायली गेल्यामुळे दुसरा इलाज नव्हता. त्या चौघांनी आठ रात्री बसून अकराही प्रकरणे पुन्हा वाचली. त्यातला एकजण दिवसा हमालीचे काम करीत होता. मुलीने लेखनिक घेऊन पेपर दिला आणि ती उत्तीर्ण झाली, ही समाधानाची बाब. पण त्या आठ रात्री वाचल्या असत्या, जर मूळ प्रत एका पेन ड्राइव्हवर बाजूला ठेवलेली असती.

हे नीट समजून घ्यावे. एमपीथ्री करताना जो भाग काढला जातो तो परत येत नाही. त्या एमपीथ्रीवरून डब्ल्यूएमए केली की आणखी काही जातो. त्यावरून पुन्हा एमपीथ्री केली की आणखी थोडा जातो. ऑफिसात झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की शिक्का आधी पुसट होतो, मग सही जाते, मग आकडे जातात, तसेच हे आहे. ३२ किलोबिटांची फाईल ३२० वर चढवून दर्जा वाढतो असेही काहींना वाटते. दुधात पाणी घातले तर माप वाढते, साय वाढत नाही.

म्हणून नियम असा. मूळ ध्वनिमुद्रण ज्या सर्वांत चांगल्या रूपात हाती असेल ते तसेच जपून ठेवावे. स्वतः वाचन करणार असाल तर ते वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावे. कुणालाही दुसऱ्या रूपात प्रत हवी असेल तर ती नेहमी या मुळावरूनच काढावी, प्रतीवरून कधीही नाही. हिशेबात आपण मूळ व्हाउचर फाईलला लावतो आणि बाहेर नक्कल देतो, तीच शिस्त येथे पाळावी.

प्रत्यक्ष काम कसे करावे

पहिली पायरी म्हणजे रूपांतराची गरज आहे का ते पाहणे. व्हीएलसी हे मोफत ॲप मोबाईलवर आणि संगणकावर चालते व जवळजवळ सगळी रूपे वाजवते. ते टाकले की निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात. स्मार्टफोनवर ऐकणार असाल तर एमफोरबी तशीच राहू द्यावी, त्यातल्या प्रकरणांच्या खुणा उपयोगी पडतात.

ऐकणाऱ्याकडे बटणांचा फोन, पेन ड्राइव्हचा स्पीकर किंवा साधा प्लेअर असेल तर एमपीथ्री करावी. संगणकावर त्यासाठी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम आहे, तो २००० सालापासून लोकांच्या उपयोगात आहे. त्यात फाईल उघडावी, मोनो निवडावे, 'एक्स्पोर्ट' मध्ये एमपीथ्री घेऊन ६४ किलोबिट ठेवावे. एमफोरए किंवा एमफोरबी उघडण्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग नावाचा मोफत जोडप्रोग्राम लागतो. ज्या मुलांना संगणकाची गोडी आहे त्यांनी एफएफएमपेगच शिकून घ्यावा, त्याने शंभर फायली एका दमात बदलता येतात. मूळ फाईल एमपीथ्रीच असेल आणि तिचे फक्त तुकडे करायचे असतील तर एमपीथ्री-डायरेक्ट-कट सारखा प्रोग्राम वापरावा. तो आवाज पुन्हा न दाबता नुसता कापतो, त्यामुळे दर्जा घटत नाही.

पुस्तकाची एकच नऊ तासांची एमपीथ्री कधीही करू नये. साधे यंत्र बंद केले की अनेकदा पुन्हा सुरुवातीपासून वाजते. आजीने पाच तास ऐकलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आले तर ती पुन्हा स्पीकरला हात लावणार नाही. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करावी. प्रकरण फार मोठे असेल तर वीस-तीस मिनिटांचे तुकडे पाडावेत. तुकडा वाक्य संपल्यावरच तोडावा.

फायलींना क्रमांक देताना पुढे शून्ये लावावीत. १, २, ३ असे दिले तर बरीच यंत्रे १ नंतर १० वाजवतात आणि मग २ कडे येतात. ००१, ००२, ००३ असे दिले की क्रम बिघडत नाही. हे आकडे इंग्रजी कळांनीच टाकावेत, कारण साध्या यंत्रांना देवनागरी नाव वाचता येत नाही. काही स्वस्त स्पीकर तर नावही पाहत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फायली उतरवल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा यंत्रासाठी कार्ड रिकामे करून फायली एकेक करून क्रमाने टाकाव्यात. प्रत्येक फाईलच्या आरंभी पुस्तकाचे नाव आणि प्रकरणाचा आकडा बोलून ठेवला तर ज्याला दिसत नाही त्यालाही आपण कोठे आहोत ते कळते.

इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणाऱ्या जागा आहेत. सार्वजनिक पुस्तकासाठी त्या वापरल्या तर गोष्ट वेगळी. परंतु घरातल्या माणसांचा आवाज, सभेतील चर्चा, कुणाच्या आठवणी अनोळखी ठिकाणी चढवू नयेत. काम झाल्यावर कार्ड देण्याआधी सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून पाहावा. तिन्ही ठिकाणी आवाज स्पष्ट असेल तरच ते काम पुरे झाले असे समजावे.

पेटीतल्या कॅसेटी

अनेक घरांत लोखंडी पेटीत जुन्या कॅसेटी पडून आहेत. त्यांत वाचने आहेत, व्याख्याने आहेत, आज हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. चुंबकीय फीत ओलाव्याने आणि उष्णतेने खराब होते, बुरशी धरते, चिकटते. त्या वाट पाहत राहणार नाहीत.

कॅसेट हातात घेतल्यावर प्रथम तिच्या मागच्या कडेचे दोन लहान प्लास्टिकचे तुकडे पाहावेत. ते शाबूत असतील तर मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. चालू स्थितीतला टेप मिळवून त्याचे डोके कापसाच्या बोळ्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. टेपचा आवाज वायरने संगणकात घ्यावा. स्पीकरसमोर मोबाईल धरून घेऊ नये, कारण त्यात पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारचा टीव्हीही येतो. लॅपटॉपला योग्य भोक नसेल तर यूएसबीला लागणारे लहान यंत्र मिळते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, येथे घाई चालत नाही. आलेला आवाज वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावा आणि ऐकण्यासाठी त्यावरून एमपीथ्री काढावी. खरखर काढण्याचे प्रयोग नकलेवर करावेत, मुळावर नाही. आणि काम झाले म्हणून कॅसेट भंगारात देऊ नये.

अंध बांधवांचा हक्क

दृष्टी नसलेल्यांसाठी डेझी नावाचे खास रूप आहे. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय संघ १९९६ साली स्थापन झाला. डेझी पुस्तकात आवाजाबरोबर प्रकरण, उपप्रकरण, पान अशा खुणांच्या वेगळ्या फायली असतात. ऐकणारा थेट अमुक पानावर जाऊ शकतो, डोळसाने पान उलटावे तसा. काहीजण डेझीच्या फोल्डरमधल्या एमपीथ्री तेवढ्या उचलतात आणि बाकीच्या फायली निरुपयोगी म्हणून पुसतात. मग आवाज उरतो, पण पाने जातात. डेझीचे फोल्डर नेहमी अखंड ठेवावे.

कायदाही आज त्यांच्या बाजूने आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२ मध्ये अशी तरतूद आली की, अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणतेही पुस्तक तिला सोयीच्या रूपात आणून तिच्या स्वतःच्या, शिक्षणाच्या वा संशोधनाच्या वापरासाठी देता येते. संस्थांनी हे काम नफा न घेता करावयाचे असते. २०१३ साली मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी अनेक भारतीय भाषांतील पुस्तके ठेवली आहेत. आपल्या वस्तीत असा कुणी विद्यार्थी असेल तर आधी तेथे सभासद करून पाहावे. त्या चार मुलांनी त्या मुलीसाठी केलेले वाचन हे उपकार नव्हते, कायद्याने मानलेला तिचा हक्क त्यांनी पुरा केला.

काय वाटावे, काय वाटू नये

बाकीच्यांसाठी नियम कडक आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट चालतो. महात्मा फुले १८९० साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचे लेखन वाचून ध्वनिमुद्रित करून कुणालाही देता येते. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील मूळ इंग्रजी ग्रंथ १ जानेवारी २०१८ पासून खुला झाला. मात्र अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, आणि ज्याने वाचून ध्वनिमुद्रण केले त्याचाही वेगळा. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या साहित्यावर २०२९ अखेर हक्क आहे.

विकत घेतलेल्या काही बोलक्या पुस्तकांना डिजिटल कुलूप असते, ती फक्त त्या कंपनीच्या ॲपमध्येच चालतात. हे कुलूप तोडून वाटप करण्याला २०१२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद केली आहे. दुकानात कार्ड भरून मिळते म्हणून मुलांनी या फंदात पडू नये. विकत घेण्याआधीच ते पुस्तक आपल्या यंत्रावर वाजेल का, हे विचारून घ्यावे.

प्रत्येक अभ्यासिकेने, प्रत्येक महिला मंडळाने एवढे करावे. एक वही घालावी. कोणते वाचन, कुणाच्या आवाजात, कोणत्या तारखेला, मूळ फाईल कोणत्या ड्राइव्हवर, नक्कल कुणाला दिली, हे तीत लिहावे. मूळ दोन ड्राइव्हवर ठेवावे आणि ते दोन ड्राइव्ह दोन वेगळ्या घरी असावेत, म्हणजे एका घरात पाणी शिरले तरी दुसरे राहील. वर्षातून एकदा दोन्ही लावून फायली उघडतात का ते पाहावे. यंत्रे पुढेही बदलतच राहणार. आज एमपीथ्री वाजवणारे स्पीकर उद्या कॅसेटच्या टेपसारखेच अडगळीत जातील. त्या दिवशी ही वही आणि तो ड्राइव्ह हाताशी असला, तर नव्या रूपातली पहिली प्रत काढायला एक संध्याकाळ पुरेल.